आधी मॅगझिन, मग स्लाइड

लाखेचं सील फोडलं, कापड उकललं की पिस्तूल टेबलावर येतं. नवख्याला ती एक अखंड, काळी, जड वस्तू दिसते. कोलकात्यात न्यायसहायक प्रयोगशाळेच्या बॅलिस्टिक्स विभागात माझी सारी नोकरी झाली, आणि सुरुवातीचा काळ सोडला तर पिस्तूल मला अखंड असं कधी दिसलंच नाही. दिसायचे ते चार मोठे भाग: नळी, तिच्यावर मागेपुढे सरकणारी स्लाइड, खालचा सांगाडा म्हणजे फ्रेम, आणि मुठीत बसणारं मॅगझिन. बहुतेक पिस्तुलांत हे चारही भाग पाना-पेचकस न लावता सुटे होतात. कोर्टाला मात्र एकच प्रश्न विचारायचा असतो, "गोळी याच पिस्तुलातून सुटली का?" खरं उत्तर द्यायचं तर प्रश्न कुठल्या भागाबद्दल आहे, ते आधी पाहावं लागतं.

मी मूळची खडकीची. वडील ॲम्युनिशन फॅक्टरीत कामाला, फॅक्टरीच्या भोंग्यावर आमच्या घराचा दिवस चालायचा. भौतिकशास्त्रात एम. एस्सी. झाल्यावर सरकारी नोकरी मिळाली ती थेट कोलकात्याची. सुरुवातीला हाजरा रोडच्या महाराष्ट्र निवासात राहिले, मग पार्क सर्कसला भाड्याची खोली घेतली. हे काम कोलकात्यात शिकायला मिळालं हे मी भाग्य समजते. या शास्त्राची भारतातली मुळं याच शहरात आहेत. १८९७ साली बोटांच्या ठशांचं जगातलं पहिलं ब्यूरो इथे उघडलं. १९३० साली कलकत्ता पोलिसांनी शस्त्रतज्ज्ञ नेमून एक छोटी प्रयोगशाळा सुरू केली, आणि १९५२ साली देशातली पहिली राज्य न्यायसहायक प्रयोगशाळाही इथेच उभी राहिली.

विभागातल्या ज्येष्ठांना सगळे नुसतं 'दादा' म्हणत. माझ्यापुढे पहिलं पिस्तूल ठेवलं तेव्हा ते खांद्यामागे उभे होते. मी हात पुढे केला तसे म्हणाले, "दिदी, आगे मॅगझिन, तारपोर स्लाइड." आधी मॅगझिन, मग स्लाइड. त्यांनी दुसरं काही शिकवायच्या आत हे शिकवलं, आणि पुढे मी ज्यांना ज्यांना शिकवलं त्यांनाही पहिलं हेच सांगितलं.

याचं कारण चेंबर. नळीच्या मागच्या टोकाला, काडतूस जिथे बसून फुटतं, ती जागा म्हणजे चेंबर. मॅगझिन मुठीत असतं, चेंबर त्याच्या वर आणि पुढे. मॅगझिन खाली काढून घेतलं की लोकांना वाटतं पिस्तूल रिकामं झालं. चेंबरमध्ये आधीच चढलेलं काडतूस जागच्या जागी असतं. आणि क्रम उलटा केला, म्हणजे मॅगझिन आत ठेवून आधी स्लाइड ओढली, तर त्याहून वाईट. चेंबरमधलं काडतूस उडून टेबलावर पडतं, ते पाहून माणूस निर्धास्त होतो, आणि पुढे येणाऱ्या स्लाइडने तेवढ्यात मॅगझिनमधलं दुसरं काडतूस चेंबरमध्ये सारलेलं असतं. काही पिस्तुलांत मॅगझिन काढल्यावर चाप चालत नाही अशी सोय असते. ती सगळ्यांत नसते, आणि ज्यांत असते त्यांतली ती काढून टाकणारे लोकही असतात.

रिकाम्या समजलेल्या पिस्तुलाने गेलेल्या माणसांचे कागद माझ्या हातून पुष्कळ गेले. साफ करताना, पाहुण्याला दाखवताना, कपाटातलं मुलाच्या हाती लागून. बहुतेक जबाबांत एक वाक्य हटकून असायचं: "मॅगझिन तर काढलेलं होतं." ते वाक्य वाचताना मला दरवेळी राग आणि दुःख एकदमच यायचं, कारण सांगणारा खोटं बोलत नसायचा. त्याला पिस्तुलाचा एक भाग ठाऊक होता, दुसरा नव्हता.

एकदा एका ठाण्याकडून सीलबंद होऊन आलेल्या पिस्तुलाच्या चेंबरमधून जिवंत काडतूस निघालं. जप्तीच्या यादीवर लिहिलेलं होतं, 'एक पिस्तूल, मॅगझिनसह'. ते पिस्तूल ठाण्यातून मालखान्यात, तिथून कोर्टात, कोर्टातून गाडीतल्या शिपायाच्या मांडीवर ठेवून आमच्यापर्यंत आलं होतं, आणि एवढ्या हातांतून जाताना आत कुणी डोकावलं नव्हतं. दादांनी ते काडतूस वेगळ्या पाकिटात घातलं, पाकिटावर वेळ टाकली आणि खिडकीपाशी जाऊन बराच वेळ उभे राहिले.

आता पिस्तूल चालतं कसं ते सांगते. पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. चाप ओढला की आत सिअर नावाची अडणी घोड्याला सोडते. घोडा फायरिंग पिनवर आदळतो, पिन काडतुसाच्या बुडाला बसवलेल्या प्रायमरवर ठोका देते, दारू पेटते. वायूचा दाब गोळीला नळीतून पुढे रेटतो आणि तोच दाब काडतुसाच्या रिकाम्या पितळी पुंगळीला मागे रेटतो. पुंगळीच्या पाठीला स्लाइडची आतली भिंत असते, तिला आम्ही ब्रीचफेस म्हणतो. ती भिंत आणि तिच्यासकट सगळी स्लाइड मागे निघते. स्लाइडला बसवलेला एक्स्ट्रॅक्टर नावाचा आकडा पुंगळीची कड पकडून तिला चेंबरमधून उपसतो. वाटेत फ्रेमवरचा इजेक्टर तिला आडवा येतो, आणि त्याला थडकून ती बाजूच्या खिडकीतून बाहेर उडते. मागे जाता जाता स्लाइडने घोडा पुन्हा चढवलेला असतो. मग दबलेली रिकॉइल स्प्रिंग स्लाइडला पुढे लोटते आणि स्लाइड मॅगझिनमधलं सर्वांत वरचं काडतूस घेऊन चेंबर बंद करते. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं.

.३२ म्हणजे ७.६५ मिमीच्या पिस्तुलाला एवढं पुरतं. काडतूस बेताचं असतं, स्लाइडचं वजन आणि स्प्रिंगचा जोर एवढ्यावर काम भागतं. ९ मिमीच्या काडतुसाचा दाब जास्त. त्यात नळी आणि स्लाइड सुरुवातीला एकमेकींत अडकलेल्या असतात. दोघी मिळून थोडं मागे सरकतात, तेवढ्यात गोळी बाहेर पडून दाब उतरतो, मग नळीचं मागचं टोक खाली झुकतं आणि स्लाइड एकटी पुढचा प्रवास करते. कोलकात्याच्या उत्तरेला इशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनणारं आपल्या सैन्याचं ९ मिमी पिस्तूल याच पद्धतीचं. जॉन ब्राउनिंगने सुरू केलेला आणि १९२६ साली त्याच्या मृत्यूनंतर बेल्जियममध्ये द्यूदोने सैव्ह याने पुरा केलेला हा आराखडा दुसऱ्या महायुद्धात कॅनडात बनू लागला, आणि त्या कॅनडाच्या नमुन्यावरून आपल्याकडे आला. साध्या नागरिकाला ९ मिमी ठेवता येत नाही, त्यामुळे आमच्या टेबलावर गर्दी असायची ती .३२ची.

पोलाद कठीण आणि पितळ मऊ. त्यामुळे या धावपळीत जो जो भाग पुंगळीला शिवतो, तो तिच्यावर खूण ठेवतो. फायरिंग पिन प्रायमरवर खड्डा पाडते. तो गोल की लांबट, मधोमध की सरकलेला, हे ज्याचं त्याचं वेगळं. ब्रीचफेसवर कारखान्यात राहिलेल्या बारीक रेषा प्रायमरवर उलट्या उमटतात. एक्स्ट्रॅक्टरची ओरबाड कडेला, इजेक्टरचा टोला बुडावर, चेंबरच्या भिंतीचे चरे अंगावर, मॅगझिनच्या ओठांचे बारीक ओरखडे वेगळेच. रिव्हॉल्व्हरच्या पुंगळ्या चक्रातच राहतात, पळून जाणाऱ्याबरोबर जातात. अर्धस्वयंचलित पिस्तूल आपली पुंगळी जागेवर टाकून जातं. तपासाच्या दृष्टीने हे मोठं दान आहे, पण ती उचलणाऱ्याने चिमट्याने खरवडली नाही तरच.

पुंगळी पालथी केली की बुडावर कारखान्याची अक्षरं दिसतात. 'केएफ' दिसलं की ती खडकीची. पहिल्यांदा ती अक्षरं सूक्ष्मदर्शकाखाली दिसली तेव्हा मी मान वर करून थोडा वेळ थांबले. आमच्या वडिलांच्या फॅक्टरीतून निघालेलं ते पितळ बेलेघाटाच्या कुठल्याशा गल्लीत सापडलं होतं. पुढे सवय झाली, तरी ती अक्षरं नजरेतून कधी सुटली नाहीत.

तुलनेसाठी आम्ही पाण्याच्या टाकीत गोळी झाडून त्याच पिस्तुलाची गोळी आणि पुंगळी मिळवायचो. मग तुलना सूक्ष्मदर्शक: दोन सूक्ष्मदर्शक वरून एका पुलाने जोडलेले, डावीकडे घटनास्थळावरची पुंगळी, उजवीकडे टाकीवरची, आणि डोळ्यांना दोन्ही एकाच वर्तुळात, मधे एक बारीक रेघ. १९२५च्या सुमारास अमेरिकेत ग्रॅव्हेल आणि गॉडार्ड यांनी हे यंत्र या कामाला लावलं. उजवीकडची पुंगळी हळूहळू फिरवत राहायची. रेषा जुळत नाहीत, जुळत नाहीत, आणि मग एका क्षणी डावीकडची प्रत्येक रेघ मधली सीमा ओलांडून उजवीकडे सरळ चालत जाते. मी तेव्हा लगेच काही लिहीत नसे. उठून चहा घ्यायचा, परत यायचं, दुसऱ्याला दाखवायचं, तो काही बोलेपर्यंत आपण बोलायचं नाही, अशी दादांनी लावलेली शिस्त होती.

गोळीची गोष्ट वेगळी. तिच्याशी संबंध फक्त नळीचा. नळीत पिळाचे आटे असतात, ते गोळीला गिरकी देतात आणि तिच्या अंगावर चर कोरतात. किती आटे आणि पीळ उजवा की डावा, यावरून पिस्तुलाची जात कळते. ब्राउनिंग पद्धतीच्या पिस्तुलांत बहुधा ६ आणि उजवा, कोल्टमध्ये ६ आणि डावा. चरांतल्या बारीक रेषांवरून ती एकच नळी कळते. म्हणजे गोळी बोलते नळीबद्दल, पुंगळीचं बूड बोलतं स्लाइडबद्दल, त्यावरचा इजेक्टरचा टोला फ्रेमबद्दल. आणि हे भाग मी वर सांगितलं तसे सहज सुटे होतात.

एका खटल्यात नेमकं हेच पुढे आलं. रस्त्यावर सापडलेली पुंगळी जप्त पिस्तुलाशी जुळत होती: पिनचा खड्डा, ब्रीचफेस, एक्स्ट्रॅक्टर, इजेक्टर, सगळं. मृताच्या शरीरातून काढलेली गोळी मात्र त्या नळीची नव्हती. पुंगळीच्या अंगावरचे चेंबरचे चरेही जुळत नव्हते, आणि चेंबर हा नळीचाच भाग. मी अहवालात तीन वेगळी वाक्यं लिहिली: पुंगळी या स्लाइड-फ्रेमच्या जोडीतून फुटली आहे, गोळी आता बसवलेल्या नळीतून सुटलेली नाही, पुंगळी फुटली तेव्हा या पिस्तुलात दुसरी नळी असावी. सरकारी वकिलांना पहिलं वाक्य पुरे होतं, बचावाच्या वकिलांना दुसरं. तिसरं कुणालाच नको होतं.

उलटतपासणीत बचावाचे वकील म्हणाले, "मॅडम, पिस्तूल एक आहे. ते एक तर जुळतं, नाही तर जुळत नाही." मी न्यायाधीशांची परवानगी मागितली. मॅगझिन काढलं, स्लाइड ओढून चेंबर त्यांना दाखवलं, मग स्लाइड पुढे घेऊन उतरवली, नळी बाहेर काढली आणि चारही भाग रुमालावर वेगवेगळे मांडले. "सर, यातली नळी खिशात घालून नेता येते." न्यायाधीश खुर्चीतून उठून वाकून पाहू लागले. त्यांनी मला विचारलं, ही दुसरी नळी शोधायला तपास अधिकाऱ्यांना कुणी सांगितलं होतं का? तो प्रश्न त्या अधिकाऱ्यांना होता, मला नव्हे. पण माझं तिसरं वाक्य त्यांनी जसंच्या तसं नोंदवून घेतलं. १९५९च्या शस्त्र कायद्यात 'शस्त्र' या व्याख्येत शस्त्राचे सुटे भागही येतात. कायदा लिहिणाऱ्यांना ही गोष्ट पक्की ठाऊक होती. जप्तीच्या कागदावर येईपर्यंत ती कुठेतरी गळते.

त्याच दिवशी आणखी एक प्रश्न आला, आणि तो मला पुढेही अनेकदा विचारला गेला. "हे ऑटोमॅटिक आहे ना? मग एकदा चाप ओढला आणि ते आपोआप सुटत राहिलं, असं झालं नसेल कशावरून?" याचं उत्तर डिस्कनेक्टर नावाच्या लहानशा भागात आहे. स्लाइड मागे गेली की तो चाप आणि सिअर यांचा दुवा तोडतो. बोट सैल सोडून चाप पुढे येऊ दिल्याशिवाय दुवा परत जुळत नाही. मी रिकामं पिस्तूल पुन्हा जोडलं, चाप दाबूनच धरला, दुसऱ्या हाताने स्लाइड मागे ओढून सोडली. घोडा चढलेलाच राहिला. बोट हळूच सैल केलं तेव्हा बारीक 'टक' झालं, मग पुन्हा चाप ओढला आणि घोडा पडला. "एका गोळीला एकदा बोट हलवावं लागतं, सर." वर्तमानपत्रांत अशा पिस्तुलाला सर्रास ऑटोमॅटिक म्हणतात, त्यातून होणाऱ्या गैरसमजाचा भार मात्र आरोपीवर आणि मृताच्या घरच्यांवर पडतो.

कोलकात्यात गावठी पिस्तुलं येतात ती बहुतेक बिहारमधल्या मुंगेरच्या धाटणीची. बंगालचा नवाब मीर कासिम याने १७६०च्या दशकात राजधानी मुर्शिदाबादहून मुंगेरला नेली आणि तिथे शस्त्रांचा कारखाना उभारला. तेव्हापासूनची कारागिरी त्या गावात आहे. त्यातले काही हात चोरट्या धंद्याला लागले. बाहेरून पिस्तूल ऐटबाज, स्लाइडवर 'मेड इन यूएसए' ठोकलेलं. उघडलं की सगळं कानशीने घासलेलं, सेफ्टीची कळ नुसती शोभेला, एकाचा भाग दुसऱ्याला बसणार नाही. तुलनेच्या कामाला हे सोपं जातं, कारण हाताने घासलेला ब्रीचफेस दुसऱ्या कुठल्याही ब्रीचफेससारखा नसतो. पण टाकीवर ते झाडायची वेळ आली की आम्ही ते दूरवर बांधून दोरीने चाप ओढायचो. नळी फुटून स्वतःचाच पंजा गमावलेल्यांची पिस्तुलंही आमच्याकडे येत.

या शहराचा पिस्तुलाशी संबंध म्हटलं की जुने लोक रॉडा कंपनीचं नाव काढतात. २६ ऑगस्ट १९१४, बुधवार. आर. बी. रॉडा कंपनीचा कारकून श्रीशचंद्र मित्र, ज्याला सगळे हाबू म्हणत, त्याने कस्टम हाउसमधून शस्त्रांच्या २०२ पेट्या सोडवल्या आणि व्हान्सिटार्ट रोच्या गोदामात १९२ पोचवल्या. उरलेल्या आणतो म्हणून गेला तो परतलाच नाही. त्या १० पेट्यांत ५० माउझर पिस्तुलं आणि ४६,००० काडतुसं होती. गाडीवान बनून बैलगाडी हाकणारे हरिदास दत्त. माल मलंगा लेनकडे गेला, जिथे आज त्या मंडळींचं स्मारक आहे. ४४ पिस्तुलं ९ क्रांतिकारी गटांत वाटली गेली. १९१८च्या रौलट समितीच्या अहवालात ५४ घटनांत ती वापरल्याची आणि तोवर ३१ परत मिळाल्याची नोंद आहे. ९ सप्टेंबर १९१५ला बालासोरजवळ बाघा जतीन आणि त्यांचे चार साथीदार पोलिसांच्या मोठ्या तुकडीशी झुंजले ते माउझरनेच.

आचार्य प्रफुल्लचंद्र रोडवर, जे घर एके काळी राममोहन रॉय यांचं होतं, त्यातल्या पोलीस संग्रहालयात रॉडाचं माउझर काचेमागे ठेवलेलं आहे. कुणी मराठी पाहुणे आले की मी त्यांना तिथे न्यायची, आणि हटकून नाशिकचा विषय निघायचा. २१ डिसेंबर १९०९ला विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर झाडलेलं पिस्तूल ब्राउनिंगचं होतं. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर पाठवलेल्या २० पिस्तुलांतलं. पाच वर्षांच्या अंतराने देशाच्या दोन टोकांना आलेली ही दोन पिस्तुलं भागांच्या दृष्टीने फार वेगळी. ब्राउनिंगने मॅगझिन मुठीत घातलं आणि नळीवर स्लाइड चढवली, त्यामुळे पिस्तूल चपटं झालं, कोटाच्या आत मावलं. माउझरचं मॅगझिन चापाच्या पुढे, पेटीसारखं, कायमचं बसवलेलं. वरून दहा काडतुसांची पट्टी दाबून भरायची. त्याला स्लाइड नाहीच. चौकोनी खोबणीत आतला बोल्ट मागेपुढे धावतो. लाकडी म्यान मुठीला मागे जोडलं की ते खांद्याला लावून रायफलीसारखं झाडता येतं. एकदा एका जुन्या परवानाधारकाचं माउझर तपासणीला आलं तेव्हा मी ते पूर्ण उघडलं. मुठीच्या लाकडी पट्ट्या धरणारा एक स्क्रू सोडला तर त्यात स्क्रू नाही. एक भाग दुसऱ्याला अडवतो, दुसरा तिसऱ्याला, लाकडी कोड्याच्या खेळण्यासारखं. असं यंत्र ज्याने कल्पिलं त्याच्या बुद्धीला मी मनापासून मानते, आणि ते कशासाठी वापरलं जातं तेही दुसऱ्या दिवशीच्या कागदांत वाचते.

शेवटच्या वर्षांत माझ्याकडे सब-इन्स्पेक्टरांच्या प्रशिक्षणाचे वर्ग आले. मी त्यांना नेमबाजांचं उदाहरण द्यायची. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटरमध्ये सुवर्ण मिळवलं, तो प्रकार .२२च्या अर्धस्वयंचलित पिस्तुलाचाच. त्या रेंजवर पिस्तूल खाली ठेवलं की चेंबरमध्ये भडक रंगाची सेफ्टी फ्लॅग घालावीच लागते. चेंबर रिकामं आहे हे लांबून दिसतं, कुणाच्या शब्दावर विसंबायचं नाही. आपल्या जप्त पिस्तुलांना हे का नको? मी वर्गात प्रत्येकाच्या हातात लाल नायलॉनची पट्टी द्यायची आणि ती चेंबरमधून नळीत ओवायला लावायची. मग जप्तीच्या कागदाचा नमुना भरून घ्यायची: मॅगझिन किती काडतुसांसह, चेंबरमध्ये काय, नळीवर, स्लाइडवर आणि फ्रेमवर क्रमांक कुठला, खोडलेला असेल तर कुठे, पुंगळ्या कुठून, कशात ठेवल्या.

निवृत्तीच्या आधीच्या हिवाळ्यात एका मुफस्सल ठाण्याकडून पाकीट आलं. सील फोडलं तर स्लाइड मागे अडकवलेली, चेंबरमधून लाल पट्टी ओवलेली, मॅगझिन वेगळ्या पिशवीत. कागदावर सहा ओळी होत्या, आणि शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की नळीवरचा आणि फ्रेमवरचा क्रमांक एक नाही, दोन्हींची तपासणी स्वतंत्रपणे व्हावी. तो अधिकारी माझ्या कुठल्या वर्गात बसला होता ते आठवेना. मी विभागातल्या नव्या मुलीला हाक मारली, कागद तिच्या हाती दिला आणि प्रकरण तिच्याच नावावर चढवलं.